जर्मनीहून आलेला भारी इंटरनेट रेडिओ, आणि त्यावर न लागणारं सांगली केंद्र

गावभागातली

नमस्कार मंडळी. प्रश्न रेडिओचा आहे, पण थोडं घरचंही सांगते. नाहीतर पहिलाच प्रतिसाद "मोबाईलवर ऐका की" असा येणार, हे मला माहीत आहे.

आमचं घर सांगलीत, गावभागात. वडील, म्हणजे अण्णा, ७९ वर्षांचे. साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरी झाली. पहाटे उठून रेडिओ लावल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरत नाही. घरात मर्फीचा जुना सेट होता. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा धान्याची पोती माडीवर नेली, देव नेले, गॅसची टाकीसुद्धा नेली, रेडिओ राहिला. पाणी उतरल्यावर अण्णांनी तो चिखलातून काढला, आठ दिवस उन्हात ठेवला, दात घासायच्या ब्रशनं डायल घासली. नाही बोलला. अजून फळीवर आहे, टाकू देत नाहीत.

मग एक छोटा ट्रान्झिस्टर घेतला. त्यावर मीडियम वेव्हला आकाशवाणीचं सांगली केंद्र, म्हणजे १२५१, लावायचं म्हटलं की आधी घरातले एलईडी दिवे बंद, मग इन्व्हर्टर बंद, तरी मधमाश्यांचं मोहोळ उठल्यासारखा आवाज. अंधारात बसून मोहोळ ऐकायचं.

हे सगळं फोनवर ऐकून धाकट्या भावानं दिवाळीला येताना जर्मनीहून इंटरनेट रेडिओ आणला. वस्तू देखणी आहे. अक्रोडाच्या लाकडाची पेटी, पुढं दोन स्पीकर, बुडाला एक मोठा, वर हाताच्या पंजात मावेल एवढी एकच चकती. ती फिरवायची आणि दाबायची, बास. किंमत भावानं सांगितली नाही. मी नेटवर शोधली आणि अण्णांना सांगितली नाही.

भाऊ चार दिवसांत परत गेला. सेट लावायचं माझ्याकडे आलं. (मी शाळेत भूगोल शिकवते, एवढीच माझी तांत्रिक पात्रता.) पहिल्या दिवशी पिनेनंच अडवलं. जर्मन पीन आपल्या सॉकेटात जाते, पण सैल बसते, हलली की आत चर्रकन ठिणगी. मग वायफायचा पासवर्ड. तो भाच्यानं घातलेला, चौदा अक्षरांचा, त्यात एक कॅपिटल आणि एक ॲट द रेट. हे सगळं चकती फिरवून एकेक अक्षर निवडत भरायचं. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा बरोबर भरलं तरी जोडेना. आमच्या राऊटरची दोन नावं दिसतात, एकाच्या शेवटी ५जी आहे. फोनवर दोन्ही दिसतात, रेडिओला एकच दिसत होतं आणि मी दुसऱ्याचा पासवर्ड भरत होते.

असो, जोडला. अण्णांची बसायची जागा माजघरात. मधल्या भिंती दीड-दोन हात जाडीच्या, दगडी. तिथं दर दोन मिनिटांनी आवाज तुटतो. म्हणून सेट सोप्यात आणला, राऊटर तिथंच आहे, आणि मर्फी जिथं असायचा त्याच कोनाड्यात बसवला. इतका बरोबर बसला की अण्णा म्हणाले, "माप घेऊन केल्यागत आहे." पण लावल्यावर बातम्या देणारी बाई रांजणात तोंड घालून बोलतेय असं वाटायला लागलं. शिवाय पडद्यावरचं घड्याळ सकाळी सातला अडीच वाजलेत म्हणून सांगतं.

हे सगळं मी सोसलं असतं. खरी अडचण पुढं आहे. अण्णा चकतीवर हात ठेवून म्हणाले, "आता सांगली लाव."

यादीत देश निवडा, भारत निवडा, की शेकडो नावं. त्यातली कितीतरी हिंदी गाण्यांची स्टेशनं, कोण कुठून चालवतं देव जाणे. सांगली असं शोधलं तर एकच नाव आलं. दाबलं. 'जोडत आहे' असं इंग्रजीत आलं, टक्के वाढले, आणि मग 'स्टेशन उपलब्ध नाही'. रोज हेच. विविध भारती लागते. पॅरिसचं लागतं. ब्राझीलचंसुद्धा लागलं, चुकून. सांगली नाही. आकाशवाणीच्या ॲपवर माझ्या फोनवर मात्र सांगली स्वच्छ लागतं, म्हणजे केंद्र बंद नाही.

अण्णा म्हणाले, "एवढ्या मोठ्या जगात आपलं तेवढं वगळलं व्हय?"

पावसाळ्यात आमच्याकडे रेडिओ म्हणजे कोयनेचा विसर्ग. किती क्युसेक सोडलं, आयर्विनला किती फूट. बाकीचे दिवस शेतीचा कार्यक्रम आणि बाजारभाव. त्यांना ब्राझील नको आहे.

तर सांगली लागेल का? कोनाड्यातला आवाज कसा सुधारायचा? लाईट जाऊन आली की सेट 'नेटवर्क नाही' म्हणून गप्प बसतो, त्याला काय करायचं? आणि अण्णा रोज विचारतात, "ह्यानं नेट संपंल काय गं?" त्यांना काय सांगू?

झटपट

ताई, उगाच डोकं लावू नका. तुमच्या फोनवर ॲप चालतंय ना? ब्लूटूथनं फोन रेडिओला जोडा, विषय संपला. एवढ्या पैशांत चार चांगले ब्लूटूथ स्पीकर आले असते.

गावभागातली

आलाच का प्रतिसाद! केलं होतं दादा. तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी मी फोन घेऊन शाळेत गेले आणि अण्णांचा रेडिओ माझ्याबरोबर शाळेत आला. त्याच्या आदल्या दिवशी कर्ज देणाऱ्या कुठल्याशा मुलीचा फोन सोप्यात त्या तिन्ही स्पीकरांवर घणघणला होता आणि अण्णा तिला दहा मिनिटं समजावत होते की आम्हाला कर्ज नको, फेडून झालंय. त्यांना फोन हातात धरायचा नाहीये. चकती दाबली की बोललं पाहिजे, एवढंच.

स्टुटगार्टकर

पीन आणि घड्याळ यांचं मी सांगतो, बाकीचं जाणकार सांगतील.

सेटच्या मागे वायर जिथं खुपसतात ते भोक बघा. इंग्रजी आठाच्या आकाराचं असेल तर काहीच प्रश्न नाही. आपल्याकडे पूर्वी टेपरेकॉर्डरला जी वायर असायची तीच ती. इलेक्ट्रिकच्या दुकानात 'टेपची वायर' म्हणून मागा, आपल्या पिनेची मिळते. जर्मनीत २३० व्होल्ट, आपल्याकडेही २३०, सेटला फरक पडत नाही. सैल पीन मात्र आजच काढा. त्या चपट्या युरोपीय पिनेचे खुंट ४ मिलिमीटरचे असतात, आपलं सॉकेट ५ मिलिमीटरच्या खुंटाला केलेलं. ठिणगी उगाच पडत नाही.

घड्याळ जर्मनीच्या वेळेवर आहे. थंडीत आपल्यात साडेचार तासांचं अंतर असतं, म्हणून सातला अडीच. सेटिंगमध्ये टाइम झोन अधिक ५:३० करा, खाली उन्हाळी वेळ असा पर्याय असतो तो बंद करा, नाहीतर आणखी एक तास इकडेतिकडे होईल. वेळ 'नेटवरून घ्यावी' हे निवडा.

आणि मेनूत डॅब (हवेतून येणारा डिजिटल रेडिओ) नावाचा पर्याय दिसेल. त्यावर अण्णांना जाऊ देऊ नका. इकडे बरेच जण ते ऐकतात, पण भारतात डॅबचं प्रक्षेपण नाही, आकाशवाणीनं डिजिटलसाठी डीआरएम ही दुसरी पद्धत घेतली. सेट शोधत बसेल आणि शून्य स्टेशनं म्हणेल.

खरखर

गावभागातली ताई, प्रश्न वाचून बरं वाटलं. ठाण्यात २२ वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, आता डोळे साथ देत नाहीत म्हणून फक्त सल्ले देतो. लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी एक गोष्ट. तुमच्या मर्फीत सांगली होतं. म्हणजे डायलवर काटा नेला की हवेतून आलेलं तो पकडायचा, मध्ये कुणी नाही. ह्या नव्या पेटीत एकही स्टेशन नाही. चकती दाबली की ती परदेशातल्या एका सर्व्हरला विचारते, "सांगली कुठं राहते?" तो सर्व्हर आपल्या वहीत बघून पत्ता देतो, मग पेटी त्या पत्त्यावर जाते. ही वही रेडिओ बनवणाऱ्याची नसतेच बहुतेक वेळा. एअरेबल, व्हीट्यूनर अशा मोजक्या कंपन्या वह्या ठेवतात आणि ढीगभर ब्रँडना पुरवतात. बाहेरून लाकूड अक्रोडाचं असो की प्लॅस्टिक, आतली वही तीच.

हे मी का सांगतोय? माझ्याकडे २००९ चा एक परदेशी सेट होता. पुढे त्याची वही ठेवणाऱ्यांनीच गाशा गुंडाळला. पेटी ठणठणीत, स्पीकर ठणठणीत, ॲम्प्लिफायरला काही झालेलं नाही, आणि लागत काही नाही. आयुष्यभर दुरुस्ती केलेला माणूस मी, उघडून बसलो, पण दुरुस्त काय करणार? बिघाड पेटीत नव्हताच. म्हणून दुकानात कुणी भारी इंटरनेट रेडिओ दाखवला तर मी आवाज नंतर ऐकतो, आधी मागची बाजू बघतो. ऑक्स इनपुट, म्हणजे बाहेरच्या वस्तूचा आवाज वायरनं आत घ्यायचं भोक, आहे का? ऑप्टिकल, म्हणजे तेच काम प्रकाशाच्या वायरनं करणारं, आहे का? ते असेल तर वही बुडाली तरी पेटी जगते. तुमच्या सेटला मागे ऑक्स आहे का, ते आधी सांगा.

आता सांगली. दोन शक्यता. एक, वहीतला पत्ता जुना आहे. आकाशवाणीनं मध्ये व्यवस्था बदलली, केंद्र नव्या पत्त्यावर राहायला गेलं, वहीत जुनंच घर. दुसरी, पत्ता बरोबर आहे, पण पेटीला त्या पद्धतीनं घेता येत नाही. जुना इंटरनेट प्रवाह म्हणजे नळ. सोडला की एकसारखं पाणी. आकाशवाणीचे प्रवाह एचएलएस पद्धतीचे, म्हणजे टँकरच्या खेपा. सर्व्हर आवाजाचे काही सेकंदांचे तुकडे करतो आणि एक यादी देतो, एम३यू८ नावाची. त्या यादीत बघून पेटीनं एकेक तुकडा आणायचा, हातातला संपायच्या आत त्याच्या पुढचा. फोनला हे डाव्या हातचा मळ. जुन्या रेडिओंना फक्त नळ कळतो.

तुमच्याकडे विविध भारती लागते, हा चांगला पुरावा आहे. तीही आकाशवाणीच्याच सर्व्हरवरून येत असेल, तर पेटीला टँकर चालतो आणि गुन्हेगार फक्त जुना पत्ता आहे. म्हणून आधी नाव बदलून शोधा. आकाशवाणी, ऑल इंडिया रेडिओ, ए आय आर, तिन्ही इंग्रजी स्पेलिंगनं. २०२३ पासून इंग्रजीतही आकाशवाणी हेच नाव वापरतात, त्यामुळे एकाच केंद्राच्या दोन-दोन नोंदी असतात, एक मेलेली, एक जिवंत. जिवंत सापडली तर लगेच प्रीसेट बटणावर ठेवा. नाहीच सापडली तर वही ठेवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर स्टेशन सुचवायचा फॉर्म असतो, तो भरा. सरकारी कामासारखं आहे, झालं तर झालं.

तोवर वाट बघायची नसेल तर रास्पबेरी पाय. हा खेळायच्या पत्त्यांच्या कॅटएवढा छोटा संगणक. पाय ३ किंवा ४ घ्या, त्यांना हेडफोनचं भोक असतं, ५ ला नाही. भाच्याला सांगा, त्यावर एमपीव्ही हा प्लेअर टाक, त्याला सांगली केंद्राचा एम३यू८ पत्ता दे, आणि सिस्टिमडीमध्ये (प्रोग्रॅम आपोआप चालू-बंद करणारी त्यातली व्यवस्था) अशी सोय कर की वीज आली की आपोआप सुरू, बंद पडला की आपोआप पुन्हा सुरू. मग पायमधून साधी साडेतीन मिलिमीटरची वायर रेडिओच्या ऑक्समध्ये. पायच्या स्वतःच्या भोकाचा आवाज थोडा सुसुसु करतो, त्रास वाटला तर बारका यूएसबी डॅक, म्हणजे आवाज स्वच्छ काढणारा बाहेरचा तुकडा, लावा. पत्ता बदलला तर भाचा घरबसल्या एक ओळ बदलेल, कुणाच्या वहीकडे जायला नको. जुना फोन ऑक्सला लावून ठेवायचा मोह होईल. नका. चोवीस तास चार्जरवर ठेवलेल्या फोनची बॅटरी फुगते, मी अशा पाच-सहा पाहिल्यात, एक तर पाठ फाडून बाहेर आली होती.

अण्णांचा हिशेब. सांगली धरा १२८ किलोबिट. सेकंदाला १६ किलोबाइट, तासाला साधारण ५८ एमबी. रोज पाच तास ऐकलं तर महिन्याला ९ जीबीच्या आत. घरच्या ब्रॉडबँडला हे काहीच नाही, त्यांना म्हणावं, "वजनकाट्यावर ट्रकबरोबर ड्रायव्हरची पिशवी चढली, एवढंच." भावानं सेट घेताना फ्लॅक, फ्लॅक असं काही सांगितलं असेल, म्हणजे आवाजात काटछाट न करता पाठवणं. तो दर्जा कॅलिफोर्नियाच्या रेडिओ पॅराडाइजसारखी थोडी स्टेशनं देतात, त्याला तासाला ४०० एमबीच्या आसपास जातात. तो एकदा लावून ऐका, म्हणजे पेटीची ताकद कळेल. पण सांगली केंद्र जेवढं पाठवतं तेवढंच ऐकू येणार. भारी सेट त्यात भर घालत नाही, उलट खोट दाखवतो.

लाईटचं असं आहे की वीज आल्यावर रेडिओ वीस सेकंदांत उठतो आणि फायबरच्या डब्याला नि राऊटरला दोन-तीन मिनिटं लागतात. रेडिओ उठून बघतो, घरात कुणी नाही, आणि रुसतो. राऊटरला छोटा यूपीएस लावा, १२ व्होल्टचा मिळतो. घेताना राऊटरच्या ॲडॅप्टरवर किती व्होल्ट नि किती अँपिअर छापलंय ते वाचून घ्या, आणि फायबरचा डबा वेगळा असेल तर दोघांना पुरेल असा घ्या. राऊटर झोपलाच नाही तर रेडिओ रुसणार नाही.

शेवटचं, आणि हे नीट ऐका. पूर आला की लाईट जाते, टॉवर जातो, फायबर तुटते. अक्रोडाची पेटी तेव्हा नुसती पेटी. तो मोहोळवाला ट्रान्झिस्टर टाकू नका. सेल काढून कोरड्या डब्यात ठेवा, शेजारी नवे सेल. गावाची लाईट गेली आणि इन्व्हर्टरही उतरले की तुमचे एलईडी आणि शेजाऱ्यांचे चार्जर सगळेच बंद, मोहोळ निम्मं तरी बसतं.

मिरजतंबोरा

खरखरकाकांनी सगळं सांगितलंच आहे. कोनाड्याबद्दल मी बोलू का? आमच्या घरात तीन पिढ्या तंबोरे लागतात, त्यामुळे भोपळ्यातलं थोडं कळतं.

ताई, पेटीच्या पाठीमागं हात फिरवून बघा. गोल भोक लागेल, नळीसारखं. खर्जाचा आवाज मागून तिथनं सोडलेला असतो. म्हणजे पेटी हाच एक भोपळा आहे, आणि तुम्ही तो दुसऱ्या भोपळ्यात कोंबलाय. कोनाड्याच्या तीन बाजू दगडाच्या, आवाज आतल्या आत घुमतो आणि पुढं येतो तो रांजणातनं. मर्फीची पाठ पुठ्ठ्याची, भोकाभोकांची होती, आणि खर्ज तिच्यात बेताचाच, म्हणून तिला कोनाडा मानवला.

पेटी टेबलावर काढा, भिंतीपासून वीतभर पुढं. अण्णांना कोनाडाच हवा असेल (हवाच असणार, माझ्या आजोबांना मी ओळखतो), तर मागच्या भिंतीला जुनी गोधडी चौघडी करून लावा, पेटी कोनाड्याच्या ओठापर्यंत पुढं ओढा, आणि सेटिंगमध्ये बेस चार-पाच घरं खाली आणा. लाउडनेस म्हणून बटण असेल तर बंद करा. गाण्याला बरं लागतं ते, बोलण्याची वाट लावतं. बातम्यांत 'स' आणि 'श' वेगळे ऐकू आले की थांबा, त्याच्या पुढं सुधारत बसू नका.

गावभागातली

तीन आठवडे झाले, कळवायचं राहिलं. सहामाहीचे पेपर होते.

टेपची वायर मारुती रोडला पहिल्याच दुकानात मिळाली, ठिणगी बंद. घड्याळ बरोबर झालं. राऊटरला यूपीएस बसवला आणि परवा संध्याकाळी लाईट गेली-आली तर सेट आपला आपण बोलायला लागला. अण्णांनी त्याला "शहाणा आहेस" म्हटलं.

नाव बदलून शोधलं. काका, तुम्ही म्हणालात तशी आकाशवाणी नावाखाली सांगलीची दुसरी नोंद निघाली! चार दिवस लागली. पाचव्या दिवशी पुन्हा 'उपलब्ध नाही'. फॉर्म भरलाय, उत्तर नाही. मग भाच्याला बसवला. मागे ऑक्स आहे. त्यानं पाय ३ कुणा मित्राकडून जुना आणला, दोन संध्याकाळी खटपट केली, आणि तो चिमुकला संगणक आता कोनाड्यात पेटीच्या मागे खिळ्याला लटकतोय, आईच्या जुन्या चष्म्याच्या डबीत. झाकणाला ताप बाहेर पडायला भोकं पाडलीत. भाच्यानं एक शहाणपण केलं. रेडिओ बंद करून चालू केला की शेवटचं जे लावलेलं असेल तेच लागतं, म्हणून त्यानं ऑक्सवरच सोडून दिलाय. अण्णा चकती दाबतात, सांगली बोलतं. त्यांना मध्ये काय आहे ते माहीत नाही आणि त्यांनी विचारलंही नाही.

गोधडी लावली. आजीची होती. बेस पाच घरं खाली. आता बाई रांजणातून बाहेर आली आहे. 'स' आणि 'श' वेगळे आहेत, तंबोरेबुवा, मी मुद्दाम 'शेष साठा' ऐकून खात्री केली.

रात्री मी कधीकधी एकटी बसते तेव्हा चकती फिरवून आकाशवाणीचं रागम लावते. शास्त्रीय संगीत, चोवीस तास. त्या वेळी मात्र बेस पुन्हा वर नेते. तंबोरा लागला की सोप्यातली फरशी पायाला किंचित जाणवते. तेव्हा भावानं एवढे पैसे का घातले ते कळतं.

एक नवी तक्रार आहे, अण्णांची. बातम्यांच्या आधी ते टूं टूं वाजतात, त्यावर अण्णा त्यांचं चावीचं एचएमटी लावतात. चाळीस वर्षं. पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "घड्याळ पुढं जाय लागलं." घड्याळजीकडे निघाले होते. मी फोनवरच्या वेळेशी पडताळलं, तर घड्याळ बरोबर, टूं टूं पाऊण मिनिट उशिरा. अण्णांचं म्हणणं, "शिळ्या बातम्या देतंय हे." हे कमी करता येतं का?

खरखर

नाही येत, ताई. टँकरच्या खेपा म्हटलं ना? प्लेअर आधी दोन-तीन तुकडे घरात साठवतो, मग बोलायला लागतो, म्हणजे नेट अडखळलं तरी आवाज अडखळत नाही. केंद्रातून सर्व्हरला जायला, तुकडे पाडायला वेळ लागतो तो वेगळा. पाऊण मिनिट म्हणजे काही वावगं नाही. भाचा बफर कमी करून पाच-दहा सेकंद वाचवेल, पण मग आवाज तुटायला लागेल. नका करू.

एचएमटी पेटीच्या पडद्यावरच्या घड्याळावर लावायला सांगा. ते नेटवरून वेळ घेतं, त्याला हा उशीर नसतो. टूं टूं पुराण्या रेडिओचं होतं. अण्णांना पटणार नाही, मलाही पटलं नव्हतं.

आणि फोनवर नि पेटीवर एकाच वेळी लावून बघा. दोन्ही एकत्र नाही बोलणार. प्रत्येकाचा साठा वेगळा.

गावभागातली

बघितलं काका. फोन आमच्या सेटच्या वीसेक सेकंद पुढे आहे.

आणि त्याचा असा उपयोग झाला. सकाळी मी स्वयंपाकघरात भाकरी थापताना फोनवर सांगली लावते, अण्णा तिकडं सोप्यात. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं. आज हळदीचा भाव सांगत होते तेव्हा अण्णा पाणी प्यायला आत आले होते. "काय म्हणाली? किती म्हणाली?" माझे हात पिठात. मी म्हटलं, सोप्यात जा, आता सांगंल. गेले. त्यांच्या पावलांनी माजघर ओलांडायला तेवढाच वेळ लागतो. पोचले आणि पेटीनं भाव सांगितला.

आता रोज तेच चाललंय. आधी आत येऊन फोनवर ऐकतात, आणि पडताळायला सोप्यात जातात.